अवधान

मनुष्य दिवसभर कांहीं ना कांहीं देत असतो. तो उत्तर देतो, मत देतो, सबब देतो आणि प्रसंगीं दोषहि देतो. घेण्याची कला मात्र त्यास क्वचितच कोणी शिकवितें. येथें घेणें म्हणजे द्रव्य किंवा वस्तु घेणें नव्हे. जें समोर आहे तें आपल्या पदरची पुस्ती न जोडतां शांतपणें मनांत येऊं देणें होय. ह्या गोष्टीस आमच्या भाषेंत एक जुना व अर्थपूर्ण शब्द आहे, तो म्हणजे अवधान. इ. स. १२९० मध्यें सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभीं श्रीज्ञानेश्वरमहाराजांनीं श्रोत्यांपाशीं हेंच मागणें मागितलें आहे. श्रीसमर्थांनींहि दासबोधाच्या चौथ्या दशकांत नवविधा भक्ति सांगतांना पहिला समास श्रवणास दिला. आधीं ऐकावें व मग बोलावें, हा क्रम पूर्वसूरींनीं घालून दिला आहे. तो बिघडला म्हणजे नित्याच्या व्यवहाराचा तोल कसा जातो व तो पुनः कसा सांवरावा, ह्याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

आमचें वास्तव्य पिंपरी-चिंचवडचें. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें. आणि पवनेकांठच्या ह्या खेड्यांचें पाहतां पाहतां यंत्रनगर बनलें. १९८२ सालीं येथें महानगरपालिका झाली. पुढें मोटारींचे मोठमोठे कारखाने चाकणकडे उभे राहिले. ह्या उद्योगानें सहस्रावधि कुटुंबांस अन्न दिलें, हें कृतज्ञतेनें सांगितलेंच पाहिजे. परंतु कारखान्याचें घड्याळ तीन पाळ्यांचें असतें आणि मनुष्याच्या देहाचें घड्याळ सूर्याचें असतें. ह्या दोहोंच्या ओढाताणींत एकाच घरांत एकाची सकाळ ती दुसऱ्याची रात्र होऊन बसते. घरचीं माणसें एका छपराखालीं राहतात खरीं, पण एकमेकांच्या वाट्यास फार थोडीं येतात.

ह्याचें उदाहरण दूर शोधावयास नको. आमचे वडील चाकणकडील एका कारखान्यांत फिटर आहेत. यंत्रांतील बेअरिंग खराब होऊं लागलें कीं नाहीं, हें ते मोठ्या नवलाच्या रीतीनें ओळखतात. लांब स्क्रूड्रायव्हरचें टोंक यंत्राच्या अंगास टेंकवावयाचें, मूठ कानाशीं धरावयाची आणि श्वास आवरून ऐकावयाचें. “यंत्र आधीं कुरकुरतें, मग ओरडतें आणि मग मोडतें. कुरकुर ज्याला ऐकूं आली, त्याचें काम थोडक्यांत भागतें,” असें ते नेहमीं म्हणतात.

गेल्या पावसाळ्यांत त्यांची दुसरी पाळी होती. ते मध्यरात्रीनंतर परतत, तेव्हां आम्ही निजलेले असूं. आणि आम्ही शाळेस निघूं, तेव्हां ते निजलेले असत. रविवारीं मात्र जेवतांना ते कांहींसें सांगूं लागले. आमची दृष्टि हातांतील मोबाईलवर होती. आम्ही दोनदां “हो बाबा” म्हटलें आणि पान संपवून उठलों. दोन दिवसांनीं आईनें आम्हांस विचारलें, “बाबांच्या हाताची पट्टी तुला दिसली नाहीं का?” त्यांचें बोट यंत्रांत सांपडून त्यास तीन टांके पडले होते, आणि तीच हकीकत त्यांनीं आम्हांस समोर बसून सांगितली होती! जो मनुष्य लोखंडाची कुरकुर ऐकतो, त्याचें दुःख त्याच्याच मुलाच्या कानीं पडूं नये, ह्या विचारानें आम्हांस जी लाज वाटली ती अद्यापि गेलेली नाहीं. प्रस्तुत लेखाचा उगम त्या लाजेंत आहे.

आतां असें कां होतें तें पाहूं. कान उघडे असले म्हणजे ऐकणें होतेंच असें नाहीं. समोरचा अर्धें वाक्य बोलतो न बोलतो तोंच आपलें मन उत्तराची जुळवाजुळव करूं लागतें, किंवा मागच्या रागाकडे व पुढच्या काळजीकडे धांवतें. भरलेल्या घागरींत पाणी ओतावें, तसे शब्द बाहेरच सांडतात. ही धांव थांबविण्याचें एक साधन देहांतच आहे. श्वास आंत घेतांना हृदयाचे ठोके किंचित् जलद होतात व बाहेर सोडतांना मंदावतात. कारण मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारी एक मज्जा उच्छ्वासाच्या वेळीं हृदयास आवर घालते. म्हणून सावकाश सोडलेला लांब उच्छ्वास देहास विसांवा देतो, आणि देह निवला म्हणजे मनासहि ग्रहण करण्यास जागा मिळते. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांत जॉन कबात-झिन ह्यांनीं १९७९ सालीं अशाच सावधानतेच्या अभ्यासाची जोड रुग्णोपचारास दिली. इगतपुरीस १९७६ पासून विपश्यनेचें केंद्र चालत आलें आहे; तेथेंहि साधकास प्रथम स्वतःचा श्वास केवळ पाहण्यास शिकवितात.

परंतु ह्या विद्येचें स्थान आमच्या अगदीं शेजारींहि आहे. देहूच्या परिसरांत भंडारा, भामचंद्र आणि घोरावडेश्वर हे तीन डोंगर श्रीतुकाराममहाराजांच्या एकांताशीं निगडित आहेत. दुष्काळ पडला, व्यापार बुडाला, पत्नी अन्नावांचून गेली. अशा काळीं ते डोंगरावर जाऊन बसले. पुढची गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. परंपरा असें सांगते कीं, धाकटे बंधु कान्होबा त्यांस शोधीत भामचंद्रावर आले, तेव्हां ते त्यांच्यासह खालीं उतरले आणि लोकांकडील येण्याच्या खतांपैकीं आपल्या वांट्याचीं खतें त्यांनीं इंद्रायणींत सोडून दिलीं. त्यांचा एकांत जगास टाळण्यासाठीं नव्हता. वर जें ग्रहण केलें तें खालीं कीर्तनांतून परत देण्यासाठीं होता. चढणें व उतरणें मिळूनच तोल होतो. आज भामचंद्राच्या पायथ्याजवळ कारखाने आहेत आणि भंडाऱ्याखालून तळेगांव-चाकण रस्त्यानें मालमोटारींची रीघ लागलेली असते. तरी डोंगर आपल्या जागीं आहेत.

सर्वांनीं डोंगर चढावा असें आमचें म्हणणें नाहीं. नित्य आचरणांत येतील अशा तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, घराचा उंबरा ओलांडण्यापूर्वीं पांच श्वास सावकाश सोडावे, म्हणजे रस्त्याचा गलबला दाराबाहेर राहतो. दुसरी, दिवसांतून एक घांस, एक घोट किंवा एक ध्वनि पूर्णपणें घ्यावा. भाकरी खातांना भाकरीच खावी. तिसरी व सर्वांत कठीण, समोरच्याचें वाक्य संपल्यावर एक श्वास थांबून मगच उत्तर द्यावें. मन मध्येंच पळालें तर त्याजवर रागावूं नये. वासरूं दाव्यास आणावें तसें त्यास हळूच माघारीं आणावें. तें शतदां पळेल व शतदां आणावें लागेल. अभ्यास म्हणतात तो हाच.

कोणी म्हणेल, “हें तर निमूटपणें सोसणें झालें!” तसें नव्हे. घेणें म्हणजे मान्य करणें नव्हे. वैद्य नाडी पाहतो तो रोगास संमति देण्यासाठीं नव्हे, तर उपाय नेमका व्हावा म्हणून. यंत्रास संरक्षक जाळी नसेल तर ती मागितलीच पाहिजे. परंतु बोट कसें सांपडलें हें ज्यानें नीट ऐकलें, त्याचीच मागणी नेमकी होईल. तसेंच ज्याची निद्रा दीर्घकाळ हरपली आहे किंवा ज्याचें मन खोल दुःखांत बुडालें आहे, त्यानें केवळ श्वासावर न विसंबतां वैद्याचा सल्ला अवश्य घ्यावा.

आमच्या घरीं आतां एक लहानसा नियम झाला आहे. वडिलांची पाळी कोणतीहि असो, रविवारचा चहा आम्ही दोघे मिळून घेतों आणि मोबाईल दुसऱ्या खोलींत राहतो. प्रथम त्यांस बोलावयास सुचेना व आम्हांस बसवेना. आतां ते यंत्रांविषयीं बोलतात, गांवाकडच्या विहिरीविषयीं बोलतात आणि कित्येकदां कांहींच बोलत नाहींत. तेंहि आम्ही ऐकूं लागलों आहों. जखम भरून आली, पण टांक्यांची खूण बोटावर राहिली आहे. चहाचा पेला उचलतांना ती आमच्या दृष्टीस पडते, आणि मन पुनः ठिकाणावर येतें.