टिटवी ओरडते ती कशासाठी?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की घरोघरी एकच तक्रार असते. पोरं मोबाईल सोडत नाहीत, नाहीतर भर उन्हात उंडारतात. गेल्या वर्षी आमच्या बचत गटातल्या आम्ही तिघींनी ठरवलं, की एक दिवस पोरांना घेऊन गावामागच्या डोंगरावर जायचं आणि पाखरं बघायची. आमचा भाग माणदेशातला. झाडी कमी, माळ जास्त. सासूबाई म्हणाल्या, "तिथं काय पाखरं दिसणार?" पण देवळापर्यंत चढेस्तोवर पोरांनी 14 जाती मोजल्या.

तुम्हालाही जायचं असेल, तर आम्ही काय केलं ते सांगते. 8 पोरं आणि आम्ही तिघी. एक पुढं, एक मधे, एक सगळ्यांच्या मागं. पहाटे साडेपाचला निघालो, कारण पाखरं सकाळीच चरतात. ऊन तापलं की सावलीत गप्प बसतात. प्रत्येकाकडं पाण्याची बाटली, डोक्याला टोपी, पायात बंद बूट. काटे असतात, विंचूकाटा असतो, म्हणून कुणी दगड उलथायचा नाही. कपडे जुने, मातकट रंगाचे. वस्तीवरचं कुत्रं मागं लागलं होतं, त्याला माघारी धाडलं. दुपारी देवळात भाकरी खाल्ली, झोपलो, आणि ऊन कलल्यावर उतरलो.

दुर्बीण आमच्याकडं नव्हती. तिच्यावाचून अडलं नाही. चालत राहिलं तर पाखरं उडून जातात, बसून राहिलं तर जवळ येतात. म्हणून थोडं चालायचं आणि 5 मिनिटं गप्प बसायचं. पाखरू दिसलं की पोरांनी चार गोष्टी सांगायच्या. केवढं आहे, चिमणीएवढं, साळुंकीएवढं की कावळ्याएवढं? चोच कशी? शेपटी कशी? आणि ते करतंय काय?

नाव नसलं तरी चालतं. "हिरवं, बारीक, तारेवरनं उडतं, माशी धरतं आणि परत तिथंच येऊन बसतं," असं एका पोरीनं सांगितलं. तो वेडा राघू. काळा, शेपटीला दोन फाटे असलेला, गुरांमागं उठणारे किडे टिपणारा तो कोतवाल. बाभळीच्या काट्याला टोचलेला नाकतोडा दिसला, तेव्हा पोरं चक्रावली. ते खाटीक पक्ष्याचं काम. शिकार काट्याला अडकवून ठेवतो, म्हणून तर त्याचं नाव खाटीक.

आता त्या दिवशीची खरी गोष्ट. माळावरनं जाताना एकदम टिटवी ओरडायला लागली. डोक्यावर घिरट्या, नुसता कालवा. आमच्यातली एक म्हणाली, "टिटवी ओरडली, लक्षण बरं नाही. माघारी फिरा." लहानपणी मीही हेच ऐकलेलं. एका पोरानं तर दगड उचलला. तेवढ्यात टिटवी खाली उतरली आणि पंख मोडल्यासारखी फरफटत चालू लागली. पोरगं तिला धरायला धावणार, तोच मी ओरडले, "थांब! कुणी पाय हलवू नका. खाली बघा."

माझ्या जावेच्या मुलीच्या पायापासून दोन हातांवर खड्यांमधे 4 अंडी होती. मातकट, वर काळे डाग. खडे कोणते आणि अंडी कोणती, कळत नव्हतं.

मैत्रिणींनो, टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर जराशी खळगी करून त्यात अंडी घालते. लपवायला जागा नाही, म्हणून ती ओरडते. पंख मोडल्याचं सोंगही त्यासाठीच. मारणाऱ्यानं आपल्या मागं यावं आणि अंड्यांपासून लांब जावं. तो अपशकुन नव्हे. ती आई आहे आणि आपल्याला "लांब व्हा" म्हणते आहे.

आम्ही आल्या पावली मागं सरलो आणि लांब बोरीखाली जाऊन बसलो. थोड्या वेळानं ती आली, इकडं तिकडं बघितलं आणि अंड्यांवर बसली. पोरांनी श्वास रोखून बघितलं. नर-मादी आळीपाळीनं जवळजवळ चार आठवडे अंडी उबवतात. वैशाखात उबेपेक्षा सावलीचीच गरज जास्त. कधी पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात आणि अंडी गार ठेवतात. आपण तिथं उभं राहिलो, तर तेवढा वेळ अंडी उन्हात भाजतात. म्हणून घरट्याजवळ रेंगाळायचं नाही, फोटो काढायचा नाही, खूण म्हणून दगडही रचायचा नाही. आपल्या खुणेनं कावळ्या-कुत्र्यांनाही वाट सापडते.

दगड उचलणाऱ्या त्या पोराच्या खिशात बेचकी होती. मी ती काढून घेतली नाही. देवळात बसल्यावर सगळ्यांना सलीम अलींची गोष्ट सांगितली. तेही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं चिमण्या मारायचे. एकदा मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती, हे विचारायला ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले. तिथं त्यांना पेंढा भरून ठेवलेले पक्षी दाखवले आणि मुलाचा नाद बदलला. पुढं ते देशातले सर्वांत मोठे पक्षीतज्ज्ञ झाले. रानपाखरं मारणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, तेही पोरांना सांगितलं. पण कायद्यापेक्षा गोष्ट जास्त लक्षात राहिली. उतरताना त्या पोरानं विचारलं, "काकू, पिल्लं कधी निघतील?"

आपल्या पडीक रानातही टिटवी अंडी घालते. नांगरटीच्या वेळी ती ओरडत असेल, तर औत थांबवून बघा आणि तेवढा तुकडा सोडून द्या. पिल्लं अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच पळायला लागतात. जागा फार दिवस अडत नाही.

या सुट्टीत तुमच्या गटातल्या दोघी-तिघींनी मिळून एक दिवस काढा. आणि टिटवी ओरडली तर घाबरू नका. आधी पायाखाली बघा, मग आल्या वाटेनं मागं सरा.