दोन महिन्यांचा हंगाम, बारा महिन्यांचा खर्च

व्यापाऱ्याच्या घरात ‘हंगाम’ या शब्दाचा अर्थ मुलांनाही सांगावा लागत नाही. कापडवाल्याचा हंगाम दिवाळीचा आणि लग्नसराईचा, वह्या-पुस्तके विकणाऱ्याचा जूनचा, छत्रीवाल्याचा पहिल्या पावसाचा. विक्री दोन महिन्यांत होते. दुकानाचे भाडे, नोकरांचे पगार आणि कर्जावरील व्याज मात्र बारा महिने चालू राहते. ज्याने हे गणित सांभाळले त्याचीच पेढी टिकते.

भारतातील मुलींच्या आइस हॉकीची कहाणी याच गणिताची आहे. मरोळसारख्या उपनगरातील वाचकाला हा विषय दूरचा वाटेल. मरोळ नाक्यावर डिसेंबरातही दुपारी घाम पुसावा लागतो. येथे बर्फ म्हणजे हातगाडीवरून येणारी लादी. तथापि सायंकाळी एखाद्या गृहसंकुलाच्या आवारात डोकावले, तर चाकांच्या स्केट्सवर तोल सावरीत फिरणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुली हमखास दिसतात. त्यांच्या आईवडिलांच्या पिढीला गोराईच्या एस्सेलवर्ल्डमधील बर्फावरचे स्केटिंग आठवत असेल. ते उद्यान २०२२मध्ये बंद झाले. चाकांवरून बर्फाच्या पात्यावर जाणे ही या खेळातील नेहमीची वाट आहे. मात्र ती वाट जेथे पोहोचते ते मैदान मरोळपासून फार लांब, लेहला आहे.

खेळ आणि त्याचे मैदान

आइस हॉकीत एका वेळी प्रत्येक संघाचे सहा खेळाडू बर्फावर असतात. त्यांपैकी एक गोलरक्षक. वीस मिनिटांचे तीन भाग खेळले जातात. चेंडूच्या जागी कडक रबराची चकती असते. तिला ‘पक’ म्हणतात. ती तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची आणि सुमारे १६० ग्रॅम वजनाची असते. वेगाने येणारी ही चकती अंगावर बसली तर हाड मोडू शकते. म्हणून शिरस्त्राण, छाती व खांद्यांवरील कवच, हातमोजे, गुडघ्यांपासून घोट्यापर्यंतचे संरक्षण आणि पात्याचे बूट एवढा सरंजाम प्रत्येकीला लागतो. गोलरक्षक मुलीचे सामान याहून जड आणि महाग. क्रिकेटची एक बॅट गल्लीतील दहा मुलांना पुरते, तशी सोय या खेळात नाही.

त्याहून मोठी अडचण मैदानाची. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पूर्वार्धापर्यंत तेथील तळी गोठतात. रात्री पाण्याचे थर देऊन मैदान गुळगुळीत करायचे आणि सकाळी साचलेला हिमाचा भुगा फावड्या-झाडूंनी दूर सारायचा, हे काम पुष्कळदा खेळाडूंनाच करावे लागे. लडाखमध्ये शाळा-महाविद्यालयांना हिवाळ्याची दीर्घ सुटी असते आणि तीच खेळाची वेळ असते. येथे हंगामाचे वेळापत्रक विद्यापीठ ठरवीत नाही, थंडी ठरवते. थंडी उशिरा आली की हंगाम तेवढा आखूड होतो.

उरलेल्या वेळेचा खेळ

लडाखमध्ये हा खेळ रुजला तो लष्कराच्या सान्निध्यात. सुरुवातीच्या दिवसांत लष्करी बुटांना पाती बसवून मुलगे खेळत. मुलींनी हातात काठी घेतली तेव्हा त्यांच्या वाट्याला भावांचे मोठ्या मापाचे बूट आले आणि मैदानावर उरलेला वेळ आला. बर्फावर आधी पुरुषांचे संघ, मग मुलगे. ते जेवायला गेले की मुलींची पाळी. फे येथील ‘सेकमोल’ या शिक्षणसंस्थेच्या आवारात मुली मुलग्यांच्या बरोबरीने खेळू लागल्या आणि तेथून हा खेळ इतर मुलींपर्यंत पोहोचला.

पुढे या मुलींनी स्वतःच लडाख विमेन्स आइस हॉकी फाउंडेशन ही संस्था उभी केली. या पिढीतील नूर जहाँ ही गोलरक्षक. तिचा व्यवसाय जुनी भित्तिचित्रे आणि वारसावस्तू यांच्या जतनाचा. दिवसा शतकांपूर्वीच्या रंगांचे पापुद्रे सांभाळायचे आणि हिवाळ्यात गोलासमोर उभे राहून चकत्या अडवायच्या, अशी दोन्ही कामे तिने केली.

भारतीय महिला संघ पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला तो २०१६मध्ये, तैपेई येथे. प्रवासासाठी आणि सामानासाठी पैसा नव्हता. तो देशभरातील सामान्य लोकांकडून लहानलहान रकमांनी गोळा करण्यात आला. उघड्या तळ्यावर शिकलेल्या मुली बंदिस्त, पूर्ण मापाच्या मैदानावर उतरल्या आणि एकही सामना न जिंकता परतल्या. वर्षभराने, मार्च २०१७मध्ये, बँकॉक येथे त्यांनी फिलिपाइन्सला ४-३ असे हरवले. तो भारतीय महिला संघाचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय होय.

त्या विजयाची वार्ता दूरवर गेली. जानेवारी २०१८मध्ये कॅनडाची हेली विकेनहायझर लेहला आली. ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदके मिळविणारी ही खेळाडू नुसत्या सत्कारासाठी आली नव्हती. तिने लोकांनी दिलेले खेळाचे सामान बरोबर आणले आणि बर्फावर उतरून मुलींना शिकविले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतीय मुली तिच्या निमंत्रणावरून कॅनडातील कॅलगरी येथे खेळून आल्या.

आणि जून २०२५मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे झालेल्या महिला आशिया चषक स्पर्धेत भारताने कांस्यपदक मिळविले. त्सेवांग चुस्कित ही कर्णधार होती. संघातील बहुतेक मुली लडाखच्या आणि हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्याच्या. एकही विजय नाही, येथपासून पदकापर्यंत नऊ वर्षे लागली. प्रत्येक वर्षातील नैसर्गिक बर्फाचे दिवस मोजले, तर ही सारी प्रगती जेमतेम दीड वर्षाच्या सरावाची भरते.

जेथे वहीत मुलींचे खाते उघडले

याच खेळाचा अमेरिकेतील महाविद्यालयीन हंगाम पाहावा. आपल्याकडे चातुर्मास संपण्याआधीच तो सुरू होतो आणि मार्चच्या उत्तरार्धात संपतो. २०२४-२५च्या हंगामात विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मुली ४१ सामने खेळल्या. ३८ जिंकल्या, दोन बरोबरीत सुटले आणि एकच हरल्या. मिनियापोलिस येथे २३ मार्च २०२५ रोजी अंतिम सामना होता, ओहायो स्टेट विद्यापीठाशी. शेवटच्या मिनिटात विस्कॉन्सिन २-३ असे मागे होते. १८.९ सेकंद उरले असताना त्यांना पेनल्टी मिळाली. कर्स्टन सिम्स एकटी चकती घेऊन निघाली आणि तिने बरोबरी साधली. वाढीव वेळेतील विजयी गोलही तिचाच. विद्यापीठाचे हे आठवे राष्ट्रीय विजेतेपद.

या मुली जन्मतः अधिक धाडसी होत्या असे नव्हे. कॅनडात १८९०च्या दशकातच महाविद्यालयीन मुली लांब झगे घालून हा खेळ खेळत; तरीही महिलांची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा १९९०मध्ये झाली आणि ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळण्यास १९९८ उजाडले. शंभर वर्षे आवड होती, पण तिच्यामागे तरतूद नव्हती. अमेरिकेत १९७२मध्ये कायदा झाला. ज्या शिक्षणसंस्था सरकारी पैसा घेतात, त्यांना मुलगी म्हणून कोणालाही कोणत्याही उपक्रमातून वगळता येणार नाही, असे त्या कायद्याने ठरविले. ‘टायटल नाइन’ या नावाने तो ओळखला जातो. त्याच्या मजकुरात खेळाचा उल्लेखही नाही. पण त्याच्यामुळे महाविद्यालयांना खर्चाच्या वहीत मुलींच्या खेळाचे खाते उघडावे लागले. मैदान, प्रशिक्षक, प्रवास आणि शिष्यवृत्ती यांची दरवर्षी तरतूद होऊ लागली. महिलांच्या आइस हॉकीची राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा २००१मध्ये सुरू झाली. आधी खाते उघडले, चषक नंतर आला.

इमारत उभी, बर्फ नाही

खात्यात तरतूद नसेल तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. २०११मधील दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धेसाठी डेहराडून येथे हिमाद्री हे बंदिस्त बर्फाचे मैदान बांधण्यात आले. स्पर्धा पार पडली आणि मैदान वर्षानुवर्षे बंद राहिले. बर्फ टिकविण्यासाठी शीतयंत्रे रात्रंदिवस चालवावी लागतात. त्यांच्या विजेचा आणि देखभालीचा भार नियमितपणे उचलला गेला नाही. इमारत, छत, यंत्रे सारे जागेवर होते. नव्हता तो बर्फ. ते मैदान पुन्हा सुरू होण्यास २०२५ उजाडले. मधल्या काळात ज्या मुली दहा वर्षांच्या होत्या त्या चोवीस वर्षांच्या झाल्या.

हिशेब ठेवणाऱ्यास यातील भेद तत्काळ कळेल. बांधकाम हा भांडवली खर्च. तो एकदा करायचा असतो, त्याचे उद्घाटन होते, त्यावर नावाची शिळा बसते. वीजबिल, प्रशिक्षकाचे मानधन आणि झिजलेल्या पात्यांची धार हा चालू खर्च. तो दरमहा येतो आणि त्यावर कोणाचेही नाव कोरले जात नाही. समाजाच्या वसतिगृहांचे आणि वाचनालयांचे विश्वस्त हे दुखणे ओळखतात. इमारतीसाठी देणगी मिळते. वर्षानुवर्षे दिवाबत्ती चालविणारा कायम निधी उभारताना दमछाक होते.

लडाखात आता चित्र पालटू लागले आहे. लेहच्या एनडीएस क्रीडासंकुलात कृत्रिम बर्फाचे मैदान झाले आहे. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांतील बर्फावरचे सामने तेथे होतात. जानेवारी २०२४मध्ये रॉयल एनफिल्डच्या साहाय्याने लेहमध्ये आइस हॉकीची लीग सुरू झाली आणि तीत महिलांच्या संघांनाही स्थान मिळाले. भारत-तिबेट सीमा पोलीस दलाने महिलांचा संघ उभारला; त्यामुळे खेळातून नोकरीची वाटही दिसू लागली. कंपनी कायदा, २०१३नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामासाठी खर्च करावे लागतात. त्या कामांच्या यादीत ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त आणि ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचाही समावेश आहे, ही गोष्ट अनेक उद्योजकांच्या ध्यानात नसते.

मरोळच्या आवारात

छोट्या पेढीला हा कायदा लागू होत नाही आणि मरोळमध्ये कोणी बर्फाचे मैदान बांधावे असेही नाही. प्रश्न संध्याकाळी स्केट्सवर फिरणाऱ्या त्या मुलींचा आहे. आठव्या-नवव्या इयत्तेपर्यंत त्यांतील बहुतेक दिसेनाशा होतात. मागील वर्षीचे स्केट्स पायाला लहान झालेले असतात, शिकविणाऱ्याचे शुल्क ‘आता दहावी आली’ म्हणून थांबविलेले असते आणि आवारातील मोकळी जागा गाड्यांनी व्यापलेली असते. घरात कोणी खेळ सोड असे म्हटलेलेही नसते. खर्चाच्या यादीतून ती एक ओळ तेवढी गळालेली असते. त्याच घरात मुलाच्या क्रिकेटची ओळ बहुधा कायम असते.

दिवाळीत नवी वही घालताना पेढीवर वर्षाची तरतूद लिहिली जाते. तेव्हा मुलीच्या खेळासाठी बारा महिन्यांची एक ओळ लिहिता येईल. गृहसंकुलाच्या वार्षिक सभेत सायंकाळी सात ते आठ आवाराचा एक कोपरा मोकळा ठेवण्याचा आणि तेथे दिवा लावण्याचा ठराव मांडता येईल. समाजाच्या क्रीडा-पारितोषिकांबरोबर एखाद्या मुलीच्या वर्षभराच्या प्रशिक्षणाचा भारही उचलता येईल. लेहच्या मुलींना बर्फ निसर्गाने दिला, तोही दोनच महिने. उरलेल्या दहा महिन्यांची सोय लावण्यास कित्येक वर्षे माणसेच नव्हती. तरीही त्या खेळत राहिल्या. मरोळच्या आवारातील मुलीला तेवढी वाट पाहावी लागू नये.