पाखरांची मानमोडी

शरद ऋतू सरू लागला, की हिमालय ओलांडून येणाऱ्या पाणपक्ष्यांचे थवे आपल्या जलाशयांवर उतरू लागतात. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक ही मंडळी दरवर्षी नेमाने येतात आणि उन्हाळ्याची चाहूल लागताच परततात. चक्रवाकाच्या विरहावर संस्कृत कवींनी अमाप लिहिले. परंतु तो आजारी कसा पडतो आणि मरतो कशाने, याचा शोध घेण्याचे काम संशोधकांच्या वाट्याला आले. त्या शोधाची कथा बोधप्रद आहे आणि आपल्या गावच्या तळ्याशीही तिचा संबंध पोहोचतो, म्हणून आज ती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

राजस्थानातील सांभर हे आपल्या देशातील सर्वांत मोठे अंतर्गत खाऱ्या पाण्याचे सरोवर. १९९० पासून ते रामसर करारातील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये या सरोवराच्या काठी मृत पक्ष्यांचा अक्षरशः खच पडला. थोड्याच दिवसांत मृतांची संख्या अठरा हजारांवर गेली. जे जिवंत होते त्यांची अवस्था अधिक केविलवाणी होती. पंख उचलत नव्हते, पाय टेकवत नव्हते आणि मान एका बाजूस लुळी पडली होती. उथळ पाण्यातही ते बुडून मरत होते, कारण चोच पाण्याबाहेर धरण्याचे त्राण मानेत उरले नव्हते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला आपल्या जुन्या पिढीने 'मानमोडी' असे नाव दिले होते. या पाखरांना तर ते शब्दशः लागू पडत होते.

पहिला संशय साहजिकच बर्ड फ्लूचा आला. भोपाळच्या उच्चसुरक्षा प्रयोगशाळेने तो फेटाळला. पुढे बरेलीच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेने निदान केले, ते बॉट्युलिझमचे. लॅटिन भाषेत 'बॉट्युलस' म्हणजे मांस भरलेली आतडी, अर्थात सॉसेज. बिघडलेले सॉसेज खाऊन जर्मनीत माणसे दगावत, त्यावरून हे नाव रूढ झाले.

हे निदान आज काही दिवसांत होते. पण त्यामागे कित्येक वर्षांची तपश्चर्या आहे. १९१० मध्ये अमेरिकेतील उटाह प्रांतात ग्रेट सॉल्ट लेकच्या परिसरात बदके प्रचंड संख्येने मेली. अलेक्झांडर वेटमोर या तरुण पक्षिशास्त्रज्ञाने १९१४ पासून तेथील दलदलीत राहून या रोगाचा अभ्यास केला. आजारी बदकांना गोडे पाणी दिले, की त्यांतील बरीचशी बरी होतात, असे त्याला दिसून आले. त्यावरून पाण्यातील क्षारांनी विषबाधा होत असावी, असा निष्कर्ष त्याने काढला. उपचार योग्य होता, परंतु कारण वेगळेच निघाले. १९३० च्या सुमारास कॅल्मबाख आणि इतर संशोधकांनी दाखवून दिले, की हे विष क्षारांचे नसून 'क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम' या जिवाणूचे आहे. त्याच्या 'सी' या प्रकाराचा छडा आयडा बेंग्टसन या विदुषीने १९२२ मध्येच लावला होता, आणि तोही हिरव्या माशीच्या अळ्यांमध्ये!

त्या अळ्यांतच या साथीचे मर्म आहे. या जिवाणूचे बीजाणू चिखलात वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात. त्यांना वाढण्यास तीन गोष्टी लागतात: ऊब, प्राणवायूचा अभाव आणि कुजणारे प्रथिन. चांगल्या पावसाने सरोवर भरते, तेव्हा त्यात कीटक आणि सूक्ष्म जलचर अफाट वाढतात. पुढे पाणी आटू लागले, की खारेपणा वाढून तेच जीव मरतात आणि कुजतात. सांभरच्या अनर्थाचा क्रम तज्ज्ञांनी असाच सांगितला. विशेष हे, की 'सी' प्रकारच्या जिवाणूला विष बनविण्याची शक्ती त्याच्या अंगची नसते. त्याच्यात शिरलेला एक विषाणू ती त्याला देतो.

एक पक्षी मेला, की त्याच्या देहात हे विष तयार होते. माश्या त्यावर अंडी घालतात. अळ्यांना विष बाधत नाही. त्या ते अंगात साठवितात. अशा तीन-चार अळ्या बदकाने टिपल्या, तरी त्याचा जीव जाऊ शकतो. मग त्याच्याही देहावर अळ्या पडतात आणि एकाचे मरण अनेकांच्या मरणाचे कारण होते. हे विष मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा संदेश अडविते. पक्ष्याला भूक असते, भानही असते. परंतु शरीर आज्ञा पाळीत नाही.

यावरचा उपाय मात्र आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. मृत पक्षी ताबडतोब उचलून पुरणे किंवा जाळणे, हाच तो उपाय. सांभरलाही अखेर तेच करावे लागले; उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली. आजारी पक्ष्यांना निवारा, स्वच्छ पाणी आणि औषधोपचार देऊन शेकडोंना वाचविण्याचे प्रयत्न झाले. २०२४ च्या शरद ऋतूत सांभरवर पुन्हा शेकडो पक्षी मरण पावले. एकदा उमगलेले सत्य दरवर्षी नव्याने अमलात आणावे लागते, एवढाच याचा अर्थ.

आमच्या इंदूरच्या सिरपूर तलावाला आणि यशवंतसागराला २०२२ मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले. याचा अभिमान आम्हा सर्वांना आहे, आणि अभिमानासोबत कर्तव्यही येते. तळ्याकाठी मृत पक्षी दिसला, तर त्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये. त्याला पाण्यात ढकलून मोकळेही होऊ नये. वनखात्याला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे. तळ्यात खरकटे आणि निर्माल्य टाकू नये, कारण कुजणारे प्रत्येक द्रव्य पाण्यातील प्राणवायू खाते. शाळांनी हिवाळ्यात मुलांना तळ्यावर न्यावे आणि पक्षी ओळखण्याबरोबरच आजारी पक्षी ओळखण्यासही शिकवावे. अठरा हजारांच्या आधी कोठेतरी एक पहिला पक्षी मेलेला असतो. तो वेळीच कोणाच्या दृष्टीस पडला, तर पुढची मोजदाद करण्याची पाळी येत नाही.