काविळीला जग पिवळे दिसते?

‘कावीळ झालेल्याला सारे पिवळे दिसते’ ही म्हण आपण पूर्वग्रहाने पाहणाऱ्या माणसाला लावतो. काविळीत रक्तातले बिलिरुबिन वाढून डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो, हे खरे. पण रोग्याला रंग बहुधा नेहमीसारखेच दिसतात. पिवळेपण दिसते ते पाहणाऱ्याला! म्हणून घरच्यांनीच लक्ष ठेवावे. लघवी गडद पिवळी, मळमळ, अन्नावर वासना नाही, असे दिसताच रक्त तपासून घ्यावे. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ ‘उतरत’ नाही. ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ दूषित पाण्यातून पसरते. तेव्हा अलिबाग-मुरुडकडच्या वाचकांनी पावसाळ्यात वाडीतल्या विहिरीचे पाणी उकळूनच प्यावे. गरोदर स्त्रीला कावीळ झाली किंवा रोगी असंबद्ध बोलू लागला, तर तडक रुग्णालय गाठावे.