यावलच्या वर्गात कोलंबस

यावलपासून समुद्र लांब. तालुक्याच्या दक्षिण कडेने वाहणारी तापी सुरतेजवळ त्याला जाऊन मिळते, एवढंच आमचं त्याच्याशी नातं. तरी कुसुमाग्रजांचं 'कोलंबसाचे गर्वगीत' इथे किती परींनी वाचलं गेलं! सावरकरांनी १९०९ मध्ये ब्रायटनला समुद्राला घातलेल्या सादेचा अर्थ सगळीकडे एकच लागतो. कोलंबसाचं तसं नाही. खवळलेल्या समुद्राला आव्हान देत तो खलाशांना शिडं उभारायला सांगतो, आणि हा समुद्र कोणता, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

जुन्या पिढीने ठरवलं, समुद्र म्हणजे इंग्रज सरकार. डिसेंबर १९३६ मध्ये आमच्याच तालुक्यात, फैजपूरला, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं, अध्यक्ष नेहरू. ही कविता असलेला 'विशाखा' संग्रह निघाला १९४२ मध्ये, 'चले जाव'च्या साली. फैजपूरची गर्दी पाहिलेल्यांना गलबत म्हणजे काय, हे सांगावं लागलं नाही. पुढे शाळांनी या कवितेतून जिद्दीचा धडा काढला. मीही वर्षानुवर्षं तोच शिकवला, आणि वक्तृत्व स्पर्धांत तो इतका घासला गेला की मुलांच्या आवाजात वारं भरायचं, पण डोळ्यांत काही हलायचं नाही.

माझं वाचन बदललं ते केळीच्या बांधावर. एका शेतकऱ्याची बाग मे अखेरच्या वादळात आडवी झाली होती. घड भरलेले, कापणी आठवड्यावर आलेली. पावसाळ्यात ते पुन्हा मृगबाग लावत होते, तेव्हा मुलाच्या पुस्तकातली ही कविता मी त्यांना म्हणून दाखवली. कंद मातीत दाबता दाबता ते म्हणाले, "सर, वादळाला ये म्हणणारा माणूस शेतकरी नाही. आम्ही त्याला बोलवत नाही. ते येऊन गेलं की दुसऱ्या दिवशी विळा घेऊन बागेत जातो." कोलंबसाच्या गर्वाला याहून नेमकं उत्तर मी समीक्षेत वाचलेलं नाही. त्या दिवसापासून मला कवितेतले खलाशी दिसू लागले. हुकूम कोलंबस देतो, दोर त्यांच्या हातात असतो.

आणि मग सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेल्या एका मुलीने वर्गात विचारलं, "सर, तो उतरला तिथे आधी कोण राहत होतं?"

कविता किनारा दिसण्याआधीच थांबते, इतिहास थांबत नाही. १४९२ मध्ये कोलंबस ज्या बेटांवर उतरला तिथे ताइनो लोकांची वस्ती होती. त्यांच्यातल्या काहींना पकडून त्याने स्पेनला नेलं आणि पुढच्या काही दशकांत रोगराईने, वेठबिगारीने ते समाज उद्ध्वस्त झाले. हे मी वर्गात सांगितलं. कुसुमाग्रजांना कोलंबसात माणसाची न संपणारी ओढ दिसली आणि ती ओढ आजही मला खरी वाटते. म्हणून ही कविता मी शिकवणं सोडणार नाही. पण त्या मुलीचा प्रश्न टाळून शिकवणंही आता मला जमणार नाही.

तास संपल्यावर तिची वही पाहिली. कवितेशेजारी तिने शिडाचं गलबत काढलं होतं, आणि समोर किनारा. किनाऱ्यावर कुडाच्या भिंतींची घरं, दारात उभी माणसं.