सोडायचीय, पण बिलाचं काय?

फ्रायडे नाइटचा पेग बुधवारपर्यंत लांबला, की ऑफिसात 'अ‍ॅसिडिटी'च्या रजा सुरू होतात. घर डोंबिवलीला असो की विरारला, पुढचा प्रश्न एकच: जायचं कुठे आणि पैसे किती?

मेडिक्लेम आहे ना?
२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू-ड्रग्जमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थाही आजारच मानल्यात. तरी पॉलिसीच्या बारीक अक्षरांत व्यसनावरचे उपचार बहुधा वगळलेले असतात. तेव्हा अ‍ॅडमिट होण्याआधी विमा कंपनीलाच लेखी विचारा. एचआरला लगेच कळायलाच हवं असं नाही.

खिशाला झेपेल असं
केईएमसारख्या पालिका रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढा, खर्च खासगीपेक्षा खूपच कमी. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला फी नाही, नाव सांगायची सक्ती नाही. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन आहे. राहून उपचार हवेत तर पुण्याचं 'मुक्तांगण' १९८६पासून काम करतंय. तिथला मुक्काम साधारण पाच आठवड्यांचा, म्हणजे रजेचंही गणित मांडा.

हे मात्र नको
रोज पिणाऱ्याने 'उद्यापासून बंद' म्हणत एकदम थांबू नये. फिट येऊ शकते, जीवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टर! आणि घरातून उचलून नेणाऱ्या, भेटू न देणाऱ्या सेंटरपासून लांबच राहा. नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतात का, औषधं फीमध्येच धरलीत का, सुटल्यावर फॉलोअप कोण करतं, हे पैसे भरण्याआधी विचारा.

सुरुवात कुठून करायची कळत नसेल, तर १४४४६ फिरवा. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, टोल-फ्री. पहिल्या पावलाला तरी पैसे पडत नाहीत!