टोकाचे किनारे : पोपच्या पत्राचे वाचन

पोपच्या एन्सिक्लिकलला आपल्याकडे सहजपणे ‘फतवा’ म्हटले जाते. या शब्दाने अर्थाची हानी होते. मूळ ग्रीक शब्दात वर्तुळाची कल्पना आहे, म्हणून शब्दशः ते ‘परिपत्रक’ होय. परंतु त्या शब्दालाही आता कचेरीचा वास येतो. वस्तुतः हे शिकवण देणारे पत्र आहे. त्याला अधिकार असतो, पण त्याची चाल युक्तिवादाची असते. आणि पत्र म्हटले की, लिहिणाऱ्याइतकेच ते कोणास लिहिले आहे हेही पाहावे लागते.

चेन्नईतील मैलापूर येथे संत थॉमस यांची कबर म्हणून मानल्या गेलेल्या स्थळी सान थोमेचे आजचे चर्च १८९६ मध्ये उभे राहिले. त्याच सुमारास, २४ जून १८९३ रोजी, तेरावे लिओ यांनी भारतासंबंधी एक पत्र प्रसृत केले. अशा पत्रांना आरंभीच्या लॅटिन शब्दांचेच नाव पडते. याचे नाव ‘आद एक्स्त्रेमास’, म्हणजे पूर्वेच्या अगदी टोकाच्या किनाऱ्यांकडे. थॉमस आणि फ्रान्सिस झेवियर यांचे स्मरण करून पोप सांगतात की, येथील चर्च दृढ व्हावयाचे तर धर्मगुरू याच भूमीतले, येथील भाषा व चालीरीती जाणणारे असले पाहिजेत आणि त्यासाठी सेमिनऱ्या हव्यात. भारतीय वाचक येथे सुखावतो. परंतु पुढे कॅथलिक जगताकडे द्रव्यसाहाय्याची विनंती येते, आणि ध्यानात येते की, पत्र भारताविषयी आहे, ते मुख्यत्वे भारताला उद्देशून नाही. ‘टोकाचे’ हे विशेषण रोमच्या नकाशावरचे आहे. मैलापूरच्या वाळूवरून पाहिले तर टोकाला रोमच असते.

अनुवादकाने ‘टोकाचे’ हा शब्द गाळून हे अंतर बुजवावे काय? माझ्या मते, बुजवू नये. दुरून बोलणारा आवाजच स्थानिकांच्या हाती कार्य सोपवू पाहतो, हा त्या पत्रातील खरा ताण आहे. तो पुसला तर पत्राचा इतिहासच पुसला जाईल. त्याच वर्षी कँडी येथे सुरू झालेली पोपची सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यास आली. पुढे १९६३ मध्ये तेविसावे जॉन यांनी ‘पाचेम इन तेर्रिस’ हे पत्र सद्भाव असलेल्या सर्व माणसांना उद्देशून लिहिले. त्या मायन्यात ख्रिस्ती नसलेला मराठी वाचकही सामावतो. म्हणून अशा पत्रांच्या अभ्यासकाने सिद्धांताकडे वळण्यापूर्वी मायना वाचावा.